आभासी पियानो (लिनक्सवरील)

लॅपटॉपच्या कळफलकावरून, माउसने किंवा यूएसबीने जोडलेल्या पट्ट्यांवरून पियानो वाजवता यावा यासाठी लिनक्स प्रणालीवर केलेली सॉफ्टवेअरची जुळणी. हे काम सहसा एकट्या प्रोग्रामचे नसते. पट्ट्या दाखवणारा प्रोग्राम वेगळा, आवाज घडवणारा वेगळा, आवाजाचे नमुने असलेली फाइल वेगळी आणि तयार आवाज स्पीकरपर्यंत पोचवणारी यंत्रणाही वेगळी. नवखा माणूस अडतो तो बहुधा इथेच. पडद्यावर पट्ट्या दबताना दिसतात, आवाज मात्र येत नाही. मग तो प्रोग्राम काढून पुन्हा टाकत बसतो. खरे तर दोन भागांमधली जोडणी तेवढी राहिलेली असते.

पट्ट्यांसाठी बराच वापरला जाणारा मुक्त प्रोग्राम म्हणजे व्हीएमपीके (व्हर्च्युअल मिडी पियानो कीबोर्ड). पेद्रो लोपेझ-काबानियास यांनी तो लिहिला. हा प्रोग्राम स्वतः आवाज काढत नाही, मिडी संदेश पाठवतो. मिडी हे वाद्ये आणि संगणक यांच्यातल्या संदेशांचे १९८३ पासूनचे मानक आहे. मधला ‘सा’ धरता येईल अशी पियानोची मधली सी पट्टी पहिल्या चॅनलवर दाबली, तर १४४, ६०, १०० असे तीन आकडे रवाना होतात. १४४ म्हणजे ‘स्वर सुरू’, ६० हा पट्टीचा क्रमांक आणि १०० हा दाबाचा जोर. पियानोच्या ८८ पट्ट्या या मोजणीत २१ ते १०८ अशा येतात, तर जोर १ ते १२७ मध्ये मोजतात.

हे आकडे घेऊन त्यांचा नाद करण्याचे काम फ्लुइडसिंथ करतो. त्याला नुसत्या आज्ञांनी चालवता येते. पण खिडकी, बटणे आणि घुंड्या हव्या असतील तर रुई नुनो कपेला यांचा क्यूसिंथ सोयीचा. फ्लुइडसिंथला नादाचा कच्चा माल पुरवते साउंडफाँट फाइल, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रित नमुन्यांचा संग्रह. फ्रँक वेन यांनी घडवलेला फ्लुइड आर३ हा सुमारे १४० एमबींचा संग्रह डेबियन आणि उबुंटूच्या भांडारात तयार मिळतो. जनरल मिडीच्या यादीतली १२८ वाद्ये त्यात आहेत आणि पहिलेच वाद्य ग्रँड पियानो आहे.

उबुंटू किंवा डेबियनवर व्हीएमपीके, क्यूसिंथ आणि हा साउंडफाँट अशी तीन पॅकेजे बसवली की सामान पुरे होते. आधी क्यूसिंथ उघडावा, त्याच्या सेटअपमधल्या साउंडफाँटच्या पानावर फाइल दाखवून द्यावी आणि मिडी ड्रायव्हर ‘अल्सा सिक्वेन्सर’ ठेवावा. मग व्हीएमपीकेच्या मिडी जोडण्यांच्या खिडकीत बाहेर जाणाऱ्या टोकाला फ्लुइडसिंथ निवडावा. एवढे झाले की झेड ही कळ दाबताच ‘सा’ उमटायला हवा. व्हीएमपीकेच्या अलीकडच्या आवृत्त्यांत फ्लुइडसिंथ आतूनच निवडण्याची सोय आहे. तरीही पहिली जुळणी सुटे भाग जोडून करावी. पुढे काही बिघडले तर कोणत्या टप्प्यावर बिघडले ते कळते.

मराठी टंकलेखन करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. व्हीएमपीकेची नेहमीची मांडणी इंग्रजी अक्षरांवर बेतलेली आहे. खालच्या ओळीतल्या झेड, एक्स, सी, व्ही या कळा पांढऱ्या पट्ट्या, तर वरच्या ओळीतल्या एस, डी या काळ्या. इनस्क्रिप्ट चालू असेल तर या कळांवरून देवनागरी अक्षरे जातात आणि प्रोग्राम गप्प राहतो. वाजवण्यापूर्वी मांडणी इंग्रजीवर आणावी.

विलंब हा या विषयाचा गाभा आहे. कळ दाबणे आणि स्वर ऐकू येणे यांत अंतर पडले की हात अडखळतो, लय सुटते आणि वादक स्वतःच्या बोटांना दोष देऊ लागतो. संगणक आवाज तुकड्यातुकड्यांनी पुढे ढकलतो. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या वेगाने १०२४ नमुन्यांचा तुकडा म्हणजे २१.३ मिलिसेकंद, तर २५६ नमुन्यांचा ५.३ मिलिसेकंद. असे किमान दोन तुकडे साधारणपणे रांगेत असतात आणि ध्वनीकार्डाचा स्वतःचा वेळ वेगळा. हवेतून ध्वनी १० मिलिसेकंदांत सुमारे ३.४ मीटर जातो, म्हणजे एवढा विलंब खोलीच्या पलीकडे बसलेल्या साथीदाराइतकाच. तो सहज पचतो. तुकडा फारच लहान केला तर प्रोसेसरला तो वेळेत भरता येत नाही आणि आवाजात कडकड येते. म्हणून २५६ पासून सुरुवात करावी, कडकड आली तर ५१२ वर जावे. ब्लूटूथ हेडफोन मात्र वाजवताना कानाला लावूच नयेत. त्यांचा विलंब बहुधा १०० मिलिसेकंदांहून अधिक असतो आणि कोणतीही सेटिंग तो पुरता घालवू शकत नाही. साधी तारेची जोडणी वापरावी.

पूर्वी कमी विलंबासाठी पॉल डेव्हिस यांचा जॅक सर्व्हर हाच मार्ग होता, पण तो आणि रोजच्या वापराचा पल्सऑडिओ यांची ध्वनीकार्डावरून झटापट चाले. विम टायमन्स यांच्या पाइपवायरने हे दोन्ही प्रवाह एका ठिकाणी आणले. फेडोरा ३४ ने २०२१ मध्ये आणि उबुंटूने २२.१० मध्ये तो मूळ स्थापनेतच स्वीकारला. माझ्या मते डेस्कटॉप लिनक्सवरच्या संगीतासाठी अलीकडच्या काळातला हा सर्वांत मोठा दिलासा आहे. ज्यांच्याकडे अजून जॅक आहे, त्यांनी वापरकर्त्याला ‘ऑडिओ’ गटात घालावे आणि डेबियनवर जॅक बसवताना विचारल्या जाणाऱ्या रिअलटाइम अग्रक्रमाच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणावे.

लॅपटॉपच्या कळा मात्र पियानोच्या पट्ट्यांची बरोबरी करू शकत नाहीत. त्यांना दाब कळत नाही. हळू दाबा की जोरात, व्हीएमपीके घुंडीवर ठरवलेला एकच जोर पाठवतो. शिवाय कळा आतून आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर असतात, त्यामुळे काही तीन-तीन कळा एकदम दाबल्या तर तिसरी नोंदलीच जात नाही. सी, ई, जी हा साधा कॉर्ड एका लॅपटॉपवर वाजतो, दुसऱ्यावर त्यातला एक स्वर गळतो. सॉफ्टवेअरला यावर इलाज नाही. गंभीरपणे शिकायचे असेल तर दाबाची जाण असलेला यूएसबी मिडी कीबोर्ड घ्यावा. मानक पद्धतीचे बहुतेक कीबोर्ड वेगळा ड्रायव्हर न टाकता लिनक्स ओळखतो.

गायकाच्या साथीला किंवा रियाजाला वापरणाऱ्यांसाठी व्हीएमपीकेमधली ट्रान्सपोजची सोय मोलाची आहे. पेटीच्या हिशेबात सी म्हणजे पांढरी एक, सी शार्प काळी एक, डी शार्प काळी दोन, जी शार्प काळी चार. ‘काळी दोन’मध्ये गाणाऱ्यासाठी ट्रान्सपोज तीनवर नेला की बोटे पांढरी एकच्या जागी ठेवूनही सूर त्या पट्टीत येतो. मींडेसाठी बेंडरची पट्टी आहे, तिने थोडेफार भागते. मूळ सप्तक मात्र समान बारा भागांचे असल्याने गंधारासारखे स्वर शुद्ध तानपुऱ्याशी तंतोतंत जुळत नाहीत. फ्लुइडसिंथ प्रत्येक स्वर वेगळा लावू देतो, पण ते आज्ञा देऊनच करावे लागते.

आवाजाचा दर्जा वाढवायचा तर अलेक्झांडर होल्म यांचा सॅलमँडर ग्रँड पियानो पाहावा. यामाहा सी५ या पियानोचे नमुने त्यात दाबाच्या १६ पायऱ्यांत मुद्रित केले आहेत आणि तो मुक्त परवान्याने मिळतो. तो एसएफझेड स्वरूपात असल्याने त्यासाठी स्फिझ किंवा लिनक्ससॅम्पलर लागतो. फ्रान्सच्या मोडार्टचा पियानोटेक नमुने वापरतच नाही, तारा आणि हातोड्यांचे गणित मांडून नाद घडवतो. तो विकत घ्यावा लागतो, पण लिनक्ससाठी थेट उपलब्ध आहे. वाजवलेले जतन करायला व्हीएमपीकेचे टोक रोझगार्डन किंवा आर्डरला जोडले की मिडी नोंद होते आणि चुकलेला स्वर नंतर एकट्याने दुरुस्त करता येतो.