गोधडी व कापडी पिशवी (मुंबई उपनगरांतील घरगुती शिवण)
जुन्या कापडाचे थर धावदोऱ्याने एकत्र शिवून केलेले अंथरूण-पांघरूण म्हणजे गोधडी. काही भागांत तिला वाकळ म्हणतात. वरखाली लुगड्याचे अखंड पदर, मध्ये विरलेली धोतरे नि चादरी. टाके दाट हवेत, नाहीतर धुतल्यावर आतले थर गोळा होतात. कोकण-घाटावरून आलेल्या कुटुंबांबरोबर ही कला घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या घरांत आली. तान्ह्याचे दुपटे मात्र मऊ सुती साडीचेच उत्तम.

कापडी पिशवीची गरज वाढवली ती प्लास्टिकच्या त्रासाने. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरात प्लास्टिकने तुंबलेल्या नाल्यांनी त्याचा धोका दाखवला. २३ जून २०१८ पासून महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली. मांजरपाट, जुने पडदे किंवा जीन्स यांची पिशवी घरच्या मशीनवर सहज होते. तिचे बंद चौकोनी शिवणीत फुली मारून पक्के करावेत, कारण भाजीचा सगळा भार तिथेच येतो.