शिस्त आली, दार उशिरा उघडलं

दिंडीच्या शताब्दीनिमित्त जुन्या गोष्टी लिहून काढायचं ठरलं. तेव्हा वाटलं, नवीन काही शिकायचं झालं तर आपला संप्रदाय ते कसं शिकतो, हे एकदा नीट बघावं. बाहेरची माणसं म्हणतात, वारकरी म्हणजे जुनं धरून बसणारी मंडळी. ते अर्धं खरं आहे.

हैबतबाबा आरफळकरांचंच पाहा. सातारा भागातल्या आरफळचे हे गृहस्थ ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. त्याआधी तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली होती आणि माउलींच्या पादुका त्याच सोहळ्यात जात. पुढे १८३२च्या सुमारास बाबांनी आळंदीहून माउलींची स्वतंत्र पालखी काढली. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, वासकरांसारखे फडकरी बरोबर उभे राहिले. बाबांनी आयुष्य फौजेत काढलेलं. हजारो माणसं रोज कशी चालवायची, तळ कुठे टाकायचा, कोण पुढे कोण मागे, ही त्यांची विद्या. पण ती त्यांनी फौजेची म्हणून आणली नाही, भजनात मिसळून टाकली. बाबांनी घालून दिलेली आणि पुढे फडकऱ्यांनी पक्की केलेली ही शिस्त आजही चालते. पहिला कर्णा झाला की आवरायचं, दुसऱ्याला दिंड्यांनी आपापल्या जागी यायचं, तिसऱ्याला पालखी हलते. रथापुढच्या दिंड्यांना क्रम, रथामागच्यांना क्रम. हातात तलवारीऐवजी टाळ. पहिल्यांदा वारीला आलेल्या पोरालाही हे कुणी शिकवत बसत नाही. चार मुक्कामांत त्याचं त्यालाच येतं.

मला सगळ्यात थोर वाटते ती समाजआरतीची रीत. संध्याकाळी तळावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदारांनी चोप वर केला की क्षणात सगळं शांत. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. चोपदार तिकडे जातात, ऐकून घेतात, मगच पुढचं. हरवल्या-सापडल्या वस्तूही तिथेच पुकारतात. अर्ज नाही, कचेरी नाही. दिवसभरात काय चुकलं ते त्याच रात्री सगळ्या सोहळ्याला कळतं. एवढ्या मोठ्या जमावाने आपली चूक ऐकून घ्यायची इतकी साधी सोय दुसरीकडे कुठे असेल, मला शंका आहे.

तसंच शिक्षणाचं. कीर्तन-प्रवचनाची विद्या पूर्वी फडात, घराण्यात असे. महाराजांच्या मागे टाळ घेऊन वर्षानुवर्षं उभं राहायचं, कानावर पडेल ते आपलं. कुणाला ते लाभायचं, कुणाला नाही. पुण्याचे विष्णुबुवा जोग, मूळचे तालमीतले पैलवान, यांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षांचा पाठ, राहणं तिथेच, जेवण माधुकरीचं. शाळा ही कल्पना त्या काळची नवी. पण आत शिकवायचं ते ज्ञानेश्वरी आणि गाथाच. बुवा तीन वर्षांतच, १९२० साली गेले, तरी संस्था मोडली नाही. बंकटस्वामी, मामासाहेब दांडेकर यांनी ती धरून ठेवली. मामासाहेब तर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक. नवं शिक्षण आणि जुना नेम एकाच माणसात सुखाने नांदले.

इथवर लिहायला आनंद वाटतो. पुढचं लिहिणंही भाग आहे.

फौजेची शिस्त आपण लगेच घेतली, शाळा घेतली. आणि संतांनी जे स्वच्छ सांगितलं, विठ्ठलापुढे जातपात नाही, ते? ते तर आपल्याला पाठ होतं. रोज म्हणत होतो. ते नवं नव्हतंच, फक्त वापरात नव्हतं. चोखोबांचे अभंग कीर्तनात घ्यायचे आणि चोखोबांच्याच जातीच्या वारकऱ्याने महाद्वाराबाहेर, त्यांच्या समाधीपाशी थांबायचं. इरावती कर्वे बाई स्वतः दिंडीत चालल्या. भजन एकत्र आणि पंगती जातीजातीच्या वेगळ्या, हे त्यांनी ‘परिपूर्ती’ पुस्तकातल्या लेखात लिहून ठेवलंय. वाचताना मान खाली जाते, पण खोटं म्हणता येत नाही.

मला वाटतं, कर्ण्याला नि चोपाला रस्त्यावर जागा होती, म्हणून ती शिस्त रोज अंगाखालून गेली. समतेला जागा होती ती फक्त तोंडी. पंगतीत, देवळाच्या दारात तिच्यासाठी नियम कुणी घातला नव्हता.

तो घालावा म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. अनेकांनी पाठ फिरवली. काही जण तर कडवे विरोधात होते, आणि त्यांत माळकरीही होते. गुरुजींना बसायला जागा दिली ती मात्र तनपुरे महाराजांनी, आपल्या मठात. महाराज स्वतः वारकरी, कीर्तनकार. गुरुजींचं उपोषण दहा दिवस चाललं, आणि त्यानंतर मंदिर सगळ्यांना खुलं झालं.