जुन्या सरहद्दीवरून सात दिवस

इतिहास ग्रंथांत असतो, तसा तो वाटांवरही असतो. आम्ही शाळेत फार शिकलो नाही. जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या बैठकांत. म्हणून वाचलेले डोळ्यांनी पडताळून पाहण्याची खोड आम्हांस आहे. यंत्रमाग व विडी कामगारांत काम करणारे आम्ही चौघे सोलापूरकर गेल्या पौषात सायकलींवरून निघालो, ते निजामी राज्याची जुनी सरहद्द पाहण्यासाठी. बार्शी, येडशी, कसबे तडवळे, धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा असा सात दिवसांचा मार्ग होता.

आज त्या सरहद्दीची खूण शोधून सापडत नाही. पांगरी ब्रिटिश मुलखात होती, येडशी निजामाकडे. मध्ये बालाघाटाचा चढ. तो सायकलीला जाणवतो, नकाशाला जाणवत नाही. पण १९४८ पूर्वी या वाटेने जाणाऱ्या गरिबाला सरहद्द पदोपदी भेटे. करोडगिरीच्या नाक्यावर गाठोडे सोडावे लागे. नाणेही बदले, हाली शिक्क्याचे सुमारे सात रुपये दिले म्हणजे इंग्रजी सहा मिळत. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे १९११ साली लातूरपर्यंत पोचली आणि दोन्ही राज्यांची माणसे एका डब्यात बसू लागली. याच रेल्वेमार्गावरील कसबे तडवळे येथे १९४१ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी परिषद घेतली.

ही रेघ अढळ कधीच नव्हती. १८५३ साली नळदुर्गचा मुलूख निजामाने इंग्रजांना तोडून दिला, १८६० साली तो परत मिळाला. दोन्ही वेळा रयतेला कोणी विचारले नाही.

रयतेने आपले मत पुढे दिले. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थ शिक्षक होते. त्याआधी त्यांनी कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासमवेत काम केले होते, हे आम्हांस विशेष वाटते. पुढे लढा पेटला तेव्हा सोलापूर-बार्शीच्या बाजूने सरहद्दीवर कार्यकर्त्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या. जी रेघ लोकांना अडवीत होती, तिच्याच आडोशाने ते लढले. पलीकडे रझाकारांचा जुलूम चालू होता. त्यांचा पुढारी कासिम रझवी हा लातूरचा वकील. लातूर तेव्हा याच जिल्ह्यात होते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजेने नळदुर्गाजवळचा बोरी नदीवरील पूल शाबूत हस्तगत केला. सकाळी नऊला रणगाडे जळकोटात, दुपारी उमरग्यात. नळदुर्ग ते उमरगा ही वाट आम्हांसही एकाच दिवसाची झाली. १७ सप्टेंबरला निजामी राजवट संपली.

एवढा इतिहास वाटेवरच्या गावागावांत उत्साहाने सांगतात. पुढील आठवड्यांविषयी विचारले की बोलणे थांबते. एका गावी नव्वदीच्या घरातील आजोबा म्हणाले, “ते कशाला काढता?” आम्ही म्हणतो, काढले पाहिजे. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस हा मुलूख पाहिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत मिळून निदान १८ हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज होता. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. रझाकारांच्या पापाचे प्रायश्चित्त, ज्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता अशा शेतकऱ्या-कारागिरांना भोगावे लागले. तो अहवाल अनेक दशके दडून राहिला.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर बांधवांना वाचविले आणि त्यापायी स्वतःचे प्राणही वेचले. मागावर शेजारी बसलेल्या माणसाला त्यांनी धर्मावरून ओळखले नाही, कामावरून ओळखले. सोलापुरात यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य घालविलेल्या आम्हांला ही नोंद लाखमोलाची वाटते.

१९५६ साली पुन्हा रेघा आखल्या गेल्या. बीदर व गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि उमरग्यापुढे तलमोडजवळ नवी सरहद्द झाली. रेघा राज्यकर्ते आखतात आणि पुसतात. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी आपण झेंडा लावतो. तो अभिमानाने लावावा. पण त्या दिवशी हुतात्म्यांच्या नावांबरोबर त्या विणकरांचीही आठवण व्हावी आणि निरपराध गेलेल्यांसाठी क्षणभर मान लवावी. मुक्ती सर्वांची असेल तरच ती मुक्ती होय.