पळस, अंजनी आणि बारा फोटो

मनगटावरच्या घड्याळाला चावी द्या. खिसा चाचपलात तर फोन नाही, एस.टी.चं पंच केलेलं तिकीट तेवढं आहे. मार्च १९८४. होळी तोंडावर आलीय आणि कर्जतहून आलेली लाल गाडी तुम्हा चौघांना डोंगराच्या पायथ्याच्या खांडस गावात सोडून धुरळा उडवत निघून गेलीय.

पंचांगातला वसंत चैत्रात लागतो. सह्याद्रीला तेवढा धीर नसतो. बांधावरच्या पळसावर पान म्हणून उरलेलं नाही, नुसता केशरी भडका. पडलेलं एक फूल उचला. तळाशी काळपट मखमली पेला, वर पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली पाकळी, आणि तिच्यावर बोटाला जाणवणारी बारीक लव. झाडावर मैना, बुलबुल, कोतवाल मधासाठी भांडताहेत. मध पिताना तोंडाला लागलेला पराग घेऊनच ते पुढच्या पळसावर जातात. मित्राने ‘क्लिक थ्री’ कॅमेरा काढलाय. रोलमध्ये फोटो बारा, त्यातले पाच इथेच उडाले. रोल कृष्णधवल आहे. हा सगळा केशरी करडा येणार.

“माथ्यावर शिडी घाटाने जाऊ रे, लवकर पोचू.”

“आणि हा पाण्याचा कॅन कोण चढवणार? तू?”

गणेश घाट ठरतो. पदरगड किल्ला स्वच्छ दिसतोय. वाटेत करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलल्यात, वास जाईच्या जवळचा. बाकी वाट उन्हाची आणि घामाची.

माथ्यावरच्या रानात शिरलात की अंग एकदम निवतं. इथे थांबाच. अंजनी फुललीय. पानांखालच्या उघड्या फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे गच्च झुबके लगडलेत, जणू फांदीलाच निळाई फुटलीय. झाडाखाली उभं राहिलं की मधमाश्यांची गुणगुण ऐकू येते. सह्याद्रीत एवढा निळा मला दुसऱ्या कुठल्या झाडावर दिसलेला नाही.

तेवढ्यात वरून खडखडीत ‘चक्-चक्-चक्’.

“हलू नकोस. शेकरू!”

तांबूस पाठ, दुधट पोट, अंगाहून लांब झुबकेदार शेपूट. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ ३ फूट. एका झेपेत ते २० फुटांपर्यंतचं अंतर तोडतं. जमिनीवर सहसा उतरत नाही, म्हणून फांदीला फांदी भिडलेली लागते. मधलं एक झाड तुटलं तरी त्याची वाट मोडते. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, हे रान अभयारण्य होईल आणि पुढे हाच प्राणी महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणून ओळखला जाईल. चौघांत हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. सांगावंसं फार वाटतं, पण सगळ्यांच्या माना वर आहेत आणि कुणाला आत्ता बोलणं नकोय.

कॅमेऱ्याची कळ दाबेपर्यंत शेकरू पलीकडच्या झाडावर. फांदी मात्र हलत राहते. पायाशी टपकन काहीतरी पडतं: अर्धवट कुरतडलेलं उंबर. दातांच्या खुणा अजून ओल्या आहेत.