बाण आधी, नियम मागाहून

सोलापूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत संक्रांतीनंतर एक-दोन दिवसांनी होम मैदानावर शोभेचे दारूकाम होते. लहानपणी आम्ही ते पाहायला किल्ल्याच्या बाजूला लवकर जाऊन जागा धरत असू. मी नववीत होतो त्या वर्षी गतीचे नियम नुकतेच शिकवून झाले होते. दारूकामाच्या दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात विचारले, बाण वर कशाने जातो? मी हात वर केला आणि सांगितले, "बाणातून निघणारा वायू खालच्या हवेला ढकलतो आणि ती हवा बाणाला वर ढकलते. क्रिया आणि प्रतिक्रिया." सरांनी शाबासकी दिली. उत्तर चुकीचे होते, हे मला एम.एस्सी.ला गेल्यावर कळले.

दोन वर्षांपूर्वी सोलापुरातल्याच एका शाळेत मुलांनी केलेला पाण्याचा अग्निबाण पाहायला गेलो होतो. शीतपेयाची दोन लिटरची बाटली, पुठ्ठ्याचे तीन पंख, रबरी बूच आणि सायकलचा पंप. उड्डाण छान झाले. मी मुलांना तोच प्रश्न विचारला आणि मला माझेच नववीतले उत्तर जवळजवळ त्याच शब्दांत परत मिळाले. तिसरा नियम सर्वांना पाठ होता. ढकलणारा कोण आणि ढकलला जाणारा कोण, एवढ्यातच घोटाळा होता.

हा घोटाळा मुलांचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. त्याला मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा महत्त्वाचा भाग आपल्या दख्खनच्या जवळपास घडलेला आहे.

मराठीत आपण दिवाळीतल्या रॉकेटला अजूनही बाण म्हणतो. पेशवेकाळातल्या कागदांत लढाईच्या वर्णनात 'बाण' आले की दर वेळी धनुष्याचा तीर समजू नये. पुष्कळदा तो दारू ठासलेली नळी वेळूला बांधून केलेला अग्निबाण असतो, आणि तो सोडणारा तो बाणदार. असे बाण अठराव्या शतकात मराठ्यांकडे होते, मोगलांकडे होते, निजामाकडेही होते. परंतु या शस्त्राला खरी धार आणली ती म्हैसूरकरांनी. हैदर अलीच्या फौजेत बाणदार सुमारे १२०० होते आणि टिपूच्या काळी ती संख्या ५००० च्या घरात गेली, असे सांगतात.

म्हैसूरच्या बाणाचे वैशिष्ट्य त्याच्या नळीत होते. युरोपात त्या काळी बाणाची नळी पुठ्ठ्याची असे. म्हैसूरची लोखंडी होती. लोखंड आतला दाब अधिक सोसते. दाब अधिक, तर तोंडातून वायू अधिक वेगाने बाहेर पडतो. तसे दोन बाण इंग्लंडात वुलिचच्या तोफखाना संग्रहालयात पोहोचले होते. त्यांची मापे बंगळूरचे वैमानिकी शास्त्रज्ञ रोद्दम नरसिंह यांनी १९८५ सालच्या आपल्या अभ्यासलेखात दिली आहेत. एकाची नळी सुमारे ५८ मिलिमीटर व्यासाची आणि २५४ मिलिमीटर लांब असून ती चामड्याच्या पट्ट्यांनी मीटरभर लांबीच्या तलवारीच्या पात्याला बांधलेली आहे. दुसरा लहान बाण जवळजवळ दोन मीटरच्या वेळूला बांधलेला आहे. २०१८ साली कर्नाटकातल्या शिवमोगा जिल्ह्यात नगर या गावी एका जुन्या विहिरीत असे हजारावर बाण सापडले, तेव्हा हे उत्पादन किती मोठ्या प्रमाणावर चालत असेल याची कल्पना आली.

१० सप्टेंबर १७८० रोजी पोल्लिलूरच्या लढाईत कर्नल बेलीच्या तुकडीचे दारूगाडे पेटले आणि ती तुकडी हरली. गाडे बाणांनी पेटले असे पुष्कळजण लिहितात. तोफेच्या गोळ्याने पेटले असेही काहींचे म्हणणे आहे. श्रीरंगपट्टणच्या १७९२ आणि १७९९ च्या वेढ्यांत मात्र इंग्रजांनी बाणांचा मारा भरपूर खाल्ला. १७९२ च्या स्वारीत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा इंग्रजांच्या बाजूने होत्या, ही गोष्ट आपण सहसा आठवत नाही.

हे बाण करणाऱ्या कारागिरांनी न्यूटनचे नाव ऐकले असण्याचे कारण नव्हते. दारू किती ठासायची, तोंड किती बारीक ठेवायचे, वेळू किती लांब घ्यायचा, हे सगळे त्यांनी हाताने आणि डोळ्यांनी ठरवले होते. आश्चर्य दुसरीकडे आहे. न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' १६८७ साली छापला गेला. पुढची सव्वाशे वर्षे युरोपातही कोणी ते नियम बाणाला नीट लावून पाहिले नाहीत. बाण म्हणजे शोभेची वस्तू. तिच्यासाठी गणित कोण मांडत बसतो?

बाण का उडतो याविषयी तेव्हा दोन मते होती. पहिले मारियोतचे, बॉइलबरोबर ज्याचे नाव वायूच्या नियमाला जोडतात तोच हा. त्याच्या मते बाणाची ज्वाळा हवेवर आपटते आणि हवेच्या विरोधामुळे बाण वर जातो. दुसरे डेझाग्युलिए याचे. तो म्हणे, बंद नळीत पेटलेली दारू सर्व बाजूंना सारखाच रेटा देते. डाव्या-उजव्या बाजूंचे रेटे एकमेकांना मारतात. खाली तोंड उघडे आहे, तिथे दाबाला नळीची भिंतच नाही. मग नळीच्या डोक्यावर पडणारा रेटा तेवढा उरतो आणि तो बाणाला वर नेतो. यात बाहेरच्या हवेचा संबंधच येत नाही. १७९५ साली चार्ल्स हटनने आपल्या गणिताच्या कोशात ही दोन्ही मते शेजारी शेजारी देऊन टाकली. मारियोतची बाजू घ्यायची तर एवढे म्हणता येईल, की तो १६८४ साली वारला. 'प्रिन्सिपिया' त्याच्या हाती पडायचाच नव्हता. माझ्या हाती तर नववीचे पुस्तक होते.

टिपूच्या पराभवानंतर म्हैसूरचे बाण इंग्लंडात गेले. विल्यम काँग्रीव्हने १८०४ च्या सुमारास वुलिचला प्रयोग सुरू केले, आणि १८०६ साली बुलोनवर व १८०७ साली कोपनहेगनवर त्याच्या बाणांचा मारा झाला. अमेरिकेच्या राष्ट्रगीतात अग्निबाणांचा जो उल्लेख येतो तो १८१४ साली बाल्टिमोरवर सोडलेल्या याच बाणांचा. काँग्रीव्हने आपल्या शस्त्राचा एक गुण मुद्दाम सांगितला: तोफ उडाली की मागे धक्का मारते, बाण तसा धक्का देत नाही, म्हणून तो लहान होडीतूनही सोडता येतो. वर्गात तिसरा नियम शिकवताना याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. तोफ आणि गोळा ही जोडी. गोळा पुढे, तोफ मागे. बाणाच्या बाबतीत जोडी बाण आणि त्याचा स्वतःचा वायू यांची. होडी त्या जोडीत नाही, म्हणून होडीला धक्का नाही. आणि हवाही त्या जोडीत नाही.

आता बाण ही शोभेची वस्तू राहिली नव्हती. सैन्याला पल्ला हवा होता, आणि पल्ल्यासाठी गणित हवे होते. वुलिचच्या लष्करी विद्यालयात विल्यम मूर नावाचा गणिताचा शिक्षक होता. त्याने १८१० पासून बाणाच्या गतीवर लेख लिहिले आणि १८१३ साली त्यांचे पुस्तक केले. बाणाची गती त्याने विरोधरहित अवकाशात आणि हवेत अशी दोन्हीकडे मांडली. न्यूटनचा दुसरा आणि तिसरा नियम बाणाला पद्धतशीर लावण्याचे पहिले श्रेय त्याला देतात. बाणाचे वस्तुमान क्षणोक्षणी घटत जाते, ही खरी अडचण होती, आणि ती त्याने ओळखली. आपल्या सोलापूरचा किल्ला मे १८१८ मध्ये जनरल मन्रोने पेशव्यांकडून घेतला. हा मन्रो १७८० साली मद्रासला उतरून आपल्या पहिल्या लढाया हैदराविरुद्ध लढला होता. किल्ल्यावरचे निशाण बदलले तेव्हा बाणाचे गणित लंडनजवळ छापून पाच वर्षे झाली होती.

मूरचे पुस्तक मात्र विस्मरणात गेले. तेच सूत्र रशियातल्या कालूगा गावच्या एका शाळामास्तराने, कॉन्स्टन्टिन त्सिओल्कोव्स्कीने, १८९७ साली पुन्हा स्वतंत्रपणे काढले आणि १९०३ मध्ये प्रसिद्ध केले. आज ते त्याच्या नावाने ओळखले जाते.

या सूत्रात लघुगणक म्हणजे लॉग येतो आणि तिथे नववी-दहावीची मुले थांबतात. परंतु कलनाशिवायही त्याचा गाभा दाखवता येतो. त्या शाळेत आम्ही फळ्यावर असे केले. बाटली, पंख, बूच पकडून रिकाम्या बाणाचे वजन १०० ग्रॅम, आत ६०० ग्रॅम पाणी, एकूण ७००. पंपाच्या काट्यावर दाब ६० पौंड, म्हणजे वातावरणाच्या सुमारे चौपट. एवढ्या दाबाने पाणी सेकंदाला २८ मीटर वेगाने सुटते. पाणी कमी होते तशी आतली हवा पसरते, दाब उतरतो आणि शेवटी हा वेग २० वर येतो. सरासरी २४ धरू.

समजा, सगळे पाणी एकदम एका घासात फेकले. संवेगाच्या अक्षय्यतेने बाणाला वेग मिळेल २४ गुणिले ६०० भागिले ७००, म्हणजे २०.६ मीटर. आता तेच पाणी दोन घासांत फेकू. पहिल्या ३०० ग्रॅमला १०.३ मीटर मिळतात. पण दुसऱ्या वेळी ढकलायचे वजन ४०० ग्रॅमच उरलेले आहे, म्हणून त्या ३०० ग्रॅमला १८ मिळतात. बेरीज २८.३. तीन घासांत ३२.५. सहा घासांत ३८.२. मुले इथे उठून बसली. पाणी तेच, वेग तोच, तरी बारीक बारीक घास केले की बाण अधिक वेगवान का? कारण शेवटच्या घासाला सर्वांत हलका बाण ढकलायचा असतो. घास असेच बारीक करत नेले तर बेरीज ४६.७ च्या पुढे जात नाही. हा आकडा म्हणजे २४ गुणिले ७ चा नैसर्गिक लॉग, आणि ७ म्हणजे ७०० भागिले १००. त्सिओल्कोव्स्कीचे सूत्र एवढेच आहे.

हेच गुणोत्तर मोठ्या यानात निष्ठुर होते. १८ जुलै १९८० रोजी श्रीहरिकोटाहून एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला, तेव्हा थुंब्याच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर होते. घन इंधन हा त्यांच्या कामाचा विषय. यानाचे वजन १७ टन, उपग्रहाचे ३५ किलो. चार टप्पे केले ते याचसाठी, की रिकामी झालेली नळी पुढे वाहून न्यावी लागू नये.

मारियोतची चूक मात्र विसाव्या शतकातही मेली नाही. अमेरिकेत रॉबर्ट गॉडर्डने चंद्रापर्यंत अग्निबाण नेता येईल असे सुचवले, तेव्हा १३ जानेवारी १९२० च्या न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात त्याची टर उडवली. निर्वातात ढकलायला काही नसते, हे शाळेत शिकवलेलेही या प्राध्यापकाला ठाऊक नाही, असा त्याचा सूर होता. गॉडर्डने त्यापूर्वीच निर्वात पात्रात प्रयोग करून पाहिले होते. तिथे धक्का कमी तर होत नव्हताच, उलट काहीसा वाढत होता. १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्या पत्राने दुरुस्ती छापली. गॉडर्ड १९४५ सालीच वारला होता.

पुन्हा शाळेच्या मैदानावर येऊ. सेकंदाला ४६.७ मीटर वेगाने वर निघालेली वस्तू, हवा नसती तर, सुमारे १११ मीटर चढली असती. मुलांनी बाणापासून ५० मीटरवर उभे राहून कोनमापकाला ओळंबा बांधला आणि सर्वांत उंच जागेचा कोन मोजला. तो ३८ अंश आला. डोळ्याची उंची मिळवून उंची झाली ४० मीटर. मुलांना वाटले, गणित चुकले. मग त्यांनी हवेचा विरोध काढून पाहिला. पाण्याचा शेवटचा थेंब सुटतो त्या क्षणी तो बाटलीच्या वजनाच्या पाचपटीहून जास्त भरतो. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, हवा बाणाला ढकलत नाही, मागे ओढते." मी तिला शाबासकी दिली, या वेळी उत्तर बरोबर होते.

ज्यांना हा प्रयोग करायचा आहे त्यांच्यासाठी दोन सूचना. बाटली शीतपेयाचीच घ्यावी. साध्या पाण्याची पातळ बाटली दाब सोसत नाही. दाब ६० पौंडांच्या वर नेऊ नये आणि पंपाची नळी पाच मीटर तरी लांब ठेवावी. दारूचा बाण शाळेत करू नये. पाणी २००, ४००, ६००, ८०० ग्रॅम असे बदलून उंचीचा आलेख काढावा. सर्वांत उंच उड्डाण भरपूर पाण्याला मिळत नाही, आणि अगदी थोड्यालाही नाही. ते का, हे मुलांना आधी फळ्यावरच्या घासांच्या हिशेबावरून सांगायला लावावे, मग बाण उडवावा.