खर्जाची साथ

शेजारच्या बिऱ्हाडात रेडिओ मोठ्याने लागला आहे आणि मध्ये जाड भिंत आहे. अशा वेळी आपल्या कानांवर नेमके काय येते, याकडे तुम्ही कधी लक्ष दिलं आहे का? गाण्याचे शब्द येत नाहीत. व्हायोलिनचे सूर वाटेतच विरतात. येतो तो खालच्या सप्तकातला एक घुमारा. आणि गंमत अशी, की गाणं ओळखीचं असलं तर नुसत्या त्या घुमाऱ्यावरून आपण ते ओळखतोसुद्धा! पाश्चात्त्य धर्तीच्या गाण्यात गेली साठ-सत्तर वर्षे हा घुमारा बहुधा बेस गिटारचा असतो. भिंत ओलांडून पहिल्यांदा येणारे हे वाद्य वाजवणारा कोण, हे मात्र शंभरातल्या नव्वद जणांना ठाऊक नसते. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला अशा न विचारलेल्या नावांची थोडी खोडच असते. म्हणून आज राजे-रजवाडे बाजूला ठेवून या खर्जाच्या साथीदारांविषयी चार गोष्टी सांगाव्यात म्हणतो.

प्रथम वाद्याविषयी. पूर्वी हे काम डबल बेसकडे असे. माणसाच्या उंचीपेक्षाही मोठे, उभे धरून वाजवायचे हे लाकडी धूड. ते गावोगाव न्यायचे म्हणजे मोटारीच्या टपावर बांधून न्यायचे. आणि एवढे करून ढोल-कर्ण्यांच्या गर्दीत त्याचा आवाज ऐकू येईलच याची शाश्वती नाही. विजेवर चालणारे छोटे वाद्य करण्याचे प्रयत्न १९३० नंतर सिएटल शहरात पॉल टटमार्कने केले होते. परंतु ते फारसे चालले नाहीत. ते जमवले कॅलिफोर्नियातील फुलर्टनच्या लिओ फेंडरने, १९५१ साली. हा फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. १९३८ मध्ये त्याने रेडिओचे दुकान थाटले होते, आणि गिटार वाजवणे त्याला स्वतःला येत नव्हते. रेडिओ केंद्राच्या पुस्तिकेत ही गोष्ट सांगताना मला जरा विशेषच आनंद होतो. त्याच्या वाद्याला चार तारा, आणि पक्के बसवलेले पडदे. पडद्यामुळे बोट टेकले की स्वर अचूक लागायचा, म्हणून नावही ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूक. लायोनेल हॅम्प्टनच्या वाद्यवृंदात मंक माँटगोमेरीने ते गळ्यात अडकवून गावोगावी वाजवले, तेव्हा लोकांनी माना वळवून पाहिले. पण वाद्य नवे असले तरी वाजवण्याची रीत जुनीच होती. मूळ स्वर, मग पंचम, पुन्हा मूळ स्वर. ठेक्याला धरून चालायचे. हिशेब बरोबर, पण कारकुनी थाटाचा.

या कारकुनीला ज्याने कलेचे रूप दिले तो जेम्स जेमर्सन. जन्म २९ जानेवारी १९३६, दक्षिण कॅरोलायना राज्यात चार्ल्स्टनजवळच्या एडिस्टो बेटावर. लहानपणी तो बांबूच्या काठीला रबर ताणून बांधायचा, काठी मुंग्यांच्या वारुळाजवळ रोवायचा आणि रबर छेडून मुंग्यांना नाचवायचा, असे त्याने पुढे सांगितले होते. मुंग्या खरोखर नाचल्या की घाबरून पळाल्या, हा प्रश्न आपण सोडून देऊ! मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या डेट्रॉइट शहरात तो आईबरोबर १९५४ मध्ये आला. तिथल्या नॉर्थवेस्टर्न हायस्कूलमध्ये त्याने डबल बेस हाती घेतला, आणि रात्री जॅझच्या अड्ड्यांवर वाजवू लागला.

त्याच शहरात बेरी गॉर्डी नावाच्या तरुणाने १९५९ साली रेकॉर्ड कंपनी काढली. हीच पुढे मोटाउन म्हणून जगभर गाजली. वेस्ट ग्रँड बूलेव्हार्डवर एक साधे राहते घर, आणि त्याला लागून असलेल्या जागेत ध्वनिमुद्रणाची खोली. छतावरून वायरी लोंबत असायच्या, म्हणून वादकांनी तिला ‘स्नेकपिट’, सापांचा खड्डा, असे नाव ठेवले होते. गायक बदलत, आज एक, उद्या दुसरा. पण त्यांच्यामागे वाजवणारा ताफा बहुतेक तोच. पियानोवर अर्ल व्हॅन डाइक, ड्रमवर बेनी बेंजामिन, गिटारवर रॉबर्ट व्हाइट, एडी विलिस आणि जो मेसिना, आणि बेसवर जेमर्सन. हे लोक स्वतःला ‘फंक ब्रदर्स’ म्हणवीत. बेस गिटारची तार सरळ ध्वनिमुद्रणाच्या यंत्रालाच जोडलेली असे, त्यामुळे तिचा स्वर इतर वाद्यांत न मिसळता स्वच्छ उमटे.

आता त्याच्या वादनात असं काय होतं, हे नीट समजून घेऊ. बहुतेक बेसवादक उजव्या हाताची दोन बोटे आळीपाळीने चालवतात. जेमर्सन एका तर्जनीनेच वाजवायचा. त्या बोटाला मित्रमंडळी ‘हुक’ म्हणजे आकडा म्हणत. तारा जाड, सपाट वळणाच्या, आणि फळीपासून इतक्या उंच, की दुसऱ्याला त्या दाबताना हात दुखावेत. डबल बेसवर कमावलेले हात असल्याशिवाय ते जमण्यासारखे नव्हते. तार तुटल्याखेरीज तो ती बदलत नसे. तारांवरचा वर्षानुवर्षांचा मळ हाच त्यांचा गुण, असे त्याचे मत होते. आपल्याकडचे जुने तबलजीही डग्ग्याच्या पुडीबाबत असेच हट्टी असतात, तेव्हा आपण त्याला हसू नये.

परंतु खरी करामत स्वरांच्या निवडीत होती. पुष्कळदा त्याच्यापुढे कागदावर फक्त स्वरसंगतींची खूण लिहिलेली असायची. बाकी तू पाहा. तो मूळ स्वर समेवर ठेवायचा, आणि पुढच्या स्वरसंगतीकडे जाताना मधल्या कोमल-तीव्र पायऱ्यांवरून उतरत जायचा. हे जॅझमधून आलेले. कधी मात्रेच्या किंचित अलीकडे आघात, कधी अपेक्षा असेल तिथे चक्क मौन. गायिका श्वास घ्यायला थांबली, की तेवढ्यात एक छोटीशी हरकत. आणि तिने पुढची ओळ उचलली, की हा पुन्हा निमूट खाली. ख्यालाच्या मैफिलीत उत्तम तबलजी असाच जागा ओळखून भरतो. त्याच्या खर्जाला स्वतःची स्वतंत्र चाल आहे. ती सुटी काढून गुणगुणता येते, आणि तरीही मूळ गाण्याला तिचा धक्का लागत नाही. मला विचाराल तर साथीची यापेक्षा मोठी कसोटी नाही.

हे ऐकून पाहायचे असेल तर टेम्प्टेशन्स या गायकवृंदाचे १९६४ चे ‘माय गर्ल’ लावा. सुरुवातीला जेमर्सनची दोन-तीन आघातांची एक साधी आकृती येते, आणि मग रॉबर्ट व्हाइटची गिटार एकेक स्वर चढत जाते. ते स्वर आपल्या भूपाच्या आरोहाचे आहेत, हे लक्षात येऊन तुम्हाला मौज वाटेल. इथे बेसवादकाने काहीच अवघड केलेले नाही. नंतर स्टीव्ही वंडरचे १९६७ चे ‘आय वॉज मेड टू लव्ह हर’ लावा. इथे त्याच माणसाचा खर्ज नदीला पूर यावा तसा धावतो. कुठे दोन स्वरांत भागवायचे आणि कुठे दोनशे खर्च करायचे, हा विवेकच त्याची विद्या होती.

आणि इतके असून रेकॉर्डच्या वेष्टनावर त्याचे नाव नाही! गायकाचे नाव, गीतकाराचे नाव, कंपनीचे नाव. वादक कुठेच नाहीत. मोटाउनच्या मोठ्या रेकॉर्डवर या वादकांची नावे पहिल्यांदा छापली गेली ती १९७१ साली, मार्व्हिन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या रेकॉर्डवर. म्हणजे सुमारे बारा वर्षे हजारो गाणी घरोघर वाजत होती आणि वाजवणारे निनावी होते. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीची गोष्ट यासाठीच सांगण्यासारखी आहे. १९६१ मध्ये त्यांच्यातला बेसवादक स्टुअर्ट सटक्लिफ वेगळा झाला, आणि ते वाद्य मॅकार्टनीच्या गळ्यात पडले, कारण दुसऱ्या कुणाला ते नकोच होते. हॅम्बर्गमध्ये त्याने व्हायोलिनच्या आकाराची बेस गिटार घेतली. गडी डावखुरा, ते वाद्य दोन्ही बाजूंनी सारखेच असल्याने उलटे धरले तरी विचित्र दिसत नसे. पुढे त्याच्या वादनात जी स्वतंत्र चालीची समज आली, तिचे ऋण तो मोटाउनच्या बेसवादकाला देतो. पण आपल्या या आदर्शाचे नाव आपल्याला कित्येक वर्षांनी कळले, असेही तो सांगतो. गुरू आहे, विद्या घेतली आहे, आणि गुरूचे नाव माहीत नाही! एकलव्याला निदान द्रोणाचार्यांचे नाव तरी ठाऊक होते.

नाव न लिहिल्याचा दुसरा परिणाम इतिहासाच्या विद्यार्थ्याला अधिक जाणवतो. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत कॅरॉल के नावाच्या एक नामांकित वादक होत्या. मूळच्या गिटारवादक, १९६३ मध्ये एका ध्वनिमुद्रणाला बेसवाला आला नाही म्हणून त्यांनी बेस उचलली, आणि मग ती हातात राहिलीच. त्या बोटाऐवजी नखीने वाजवीत. बीच बॉइजची १९६६ ची ‘पेट साउंड्स’ ही रेकॉर्ड त्यांच्या वादनासाठीही वाखाणली जाते, आणि १९६९ साली त्यांनी बेस शिकवणारे पुस्तकही लिहिले. मोटाउनची काही गाजलेली गाणी आपण वाजवली, असा त्यांचा दावा आहे. जेमर्सनचे अभ्यासक तो मानत नाहीत. दोघांचेही मोठेपण वादातीत आहे. वाद आहे तो कागद नसल्याचा. वेष्टनावर एक ओळ छापायला किती शाई लागली असती? ती वाचवली, आणि पुढच्या पिढीला कानांवर, आठवणींवर आणि मजुरीच्या जुन्या करारपत्रांवर विसंबून निवाडा करावा लागतो आहे.

जेमर्सनचा शेवट सुखाचा झाला नाही. १९७२ मध्ये कंपनीने आपला मुक्काम लॉस एंजेलिसला हलवला, आणि डेट्रॉइटच्या ताफ्याचे एकदम काम गेले. तोही मागोमाग तिकडे गेला; पण दारूचे व्यसन जडले होते, आणि ध्वनिमुद्रकांना आता त्याच्या मळक्या तारांचा नव्हे, चकचकीत नव्या तारांचा आवाज हवा होता. मार्च १९८३ मध्ये कंपनीच्या पंचविशीचा मोठा समारंभ झाला. त्याला आमंत्रण नव्हते. तो तिकीट घेऊन प्रेक्षकांत बसला. त्याची लाडकी बेस गिटार त्याच्या अखेरच्या दिवसांत चोरीला गेली, आणि २ ऑगस्ट १९८३ रोजी तो वारला. वय ४७.

नंतर मात्र कुणीतरी शोध घेतला. फिलाडेल्फियाचा गिटारवादक अ‍ॅलन स्लट्स्की याने जेमर्सनचे वादन ऐकून ऐकून स्वरलिपीत उतरवले, त्याच्या घरच्यांना आणि सोबत्यांना गाठले, आणि १९८९ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. त्यावरूनच २००२ साली चित्रपट निघाला. स्लट्स्की रॉबर्ट व्हाइटची एक हकीकत सांगतो. दोघे उपाहारगृहात बसले होते. तेवढ्यात ‘माय गर्ल’ लागले. ती चढती सुरावट ऐकताच व्हाइट वेटरला काही सांगणार, तोच थांबला. हे मी वाजवलंय असं म्हटलं, तर म्हातारा भ्रमिष्ट आहे असं त्याला वाटेल, म्हणून! २००० साली रॉक संगीताच्या सन्मान-मंदिरात जेमर्सनचे नाव लागले, २००४ मध्ये साऱ्या ताफ्याला ग्रॅमीचा जीवनगौरव मिळाला. बेंजामिन, व्हॅन डाइक, व्हाइट, जेमर्सन यांपैकी ते पाहायला कुणी उरले नव्हते.

बेसच्या इतिहासात आणखीही मोठी नावे आहेत. जेको पास्टोरिअसने वाद्यावरचे पडदेच काढून टाकले आणि खाचा बुजवल्या. पडदे गेल्याबरोबर आपल्या ओळखीची मींड त्या वाद्यात आली. १९७६ ची त्याची पहिली रेकॉर्ड ऐकून भलेभले वादक थक्क झाले. १९८७ मध्ये अवघ्या पस्तिसाव्या वर्षी तो गेला. त्याचे वादन अद्भुत आहे, यात शंका नाही. पण तो पुढे येऊन बोलणारा वादक. माझा ओढा, खरं सांगायचं तर, मागे उभे राहणाऱ्यांकडे.

आणि मागे उभे राहणाऱ्यांचा विषय निघाला की मुंबई दूर नाही. आकाशवाणीवर शास्त्रीय गायन झाले, की निवेदक तबला आणि हार्मोनियमच्या साथीदारांची नावे आवर्जून सांगतो. ही आपली फार चांगली चाल. चित्रपटगीतांना ती लागू झाली नाही. मुंबईच्या स्टुडिओंत बसणाऱ्या वादकांत गोव्याचे पुष्कळ जण होते. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून ते इकडे आले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांनी वाद्यमेळ लिहिले. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत बेस गिटारला जे मानाचे पान मिळाले, त्यामागे टोनी वाझ यांची बोटे होती. ती गाणी तुम्ही शेकडो वेळा ऐकली असतील. टोनी वाझ हे नाव किती वेळा ऐकलंत? ऑकलंड विद्यापीठाचे ग्रेगरी बूथ यांनी मुंबईत येऊन अशा वादकांच्या मुलाखती घेतल्या आणि २००८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. तोवर यांतले पुष्कळ जण वृद्ध झाले होते, कित्येक निघून गेले होते. वांद्रे, माहीम, गिरगाव इथल्या एखाद्या घरी जुन्या वह्या, स्वरलिपीचे पिवळे कागद, मजुरीच्या पावत्या अजून पडून असतील. तुमच्यापैकी कुणाच्या माहितीत असं घर असेल, तर त्या रद्दीत घालू देऊ नका. वहीवर तारीख, गाण्याचे नाव आणि वाजवणाऱ्याचे नाव एवढे जरी घालून ठेवलेत, तरी पुढे शोध घेणाऱ्याचे अर्धे काम झाले.