वळिवडे छावणी

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघातून सुटलेल्या पोलिश निर्वासितांसाठी 1943 मध्ये कोल्हापूरजवळ वळिवडे येथे छावणी उभारण्यात आली. तिथे सुमारे 5000 लोक राहिले. त्यांत बायका-मुलांचा भरणा अधिक होता. लांबलचक बराकींमध्ये खोल्या पाडून प्रत्येक कुटुंबाची सोय केली होती. निवाऱ्यापुरतीच ही वसाहत मर्यादित राहिली नाही. शाळा, दवाखाना, चर्च आणि नाट्यगृह यांनाही तिच्यात जागा मिळाली. 1948 मध्ये छावणी बंद झाली. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना पुढे याच जागेत आसरा मिळाला आणि त्यातून गांधीनगरची वस्ती वाढली. आज गांधीनगर कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी ओळखले जाते.